शेवटच्या गल्लीचा व्हॉल्व्ह

चावीकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारा माणूस शहरात एकच होता: पगाराच्या दिवशी सह्या घेणारा कारकून. घरी बायको ‘अहो’ म्हणायची, लेक ‘बाबा’ म्हणायची, आणि बाकी सगळ्यांना ते चावीकाका. खांद्यावर चावी नसलेले चावीकाका कुणी पाहिले नव्हते. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. छातीपर्यंत येईल एवढी उभी लोखंडी सळई, वरच्या टोकाला दोन्ही हातांनी धरायचा आडवा दांडा, खालच्या टोकाला चौकोनी खोबण. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची, व्हॉल्व्हच्या डोक्यावर खोबण बसली की दांडा फिरवायचा. डावीकडे फिरवला की पाणी सुटतं, उजवीकडे फिरवला की बंद. नोकरीला लागल्यापासून त्यांनी हे इतक्यांदा केलं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. झोपेतसुद्धा हात बरोबर वळला असता.

त्यांचे वडीलही चावीवालेच. त्यांनी मुलाला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. व्हॉल्व्ह फिरवून झाला की सळईला कान लावायचा. पाणी चालू असेल तर सळईतून घोंघाट येतो, लांबच्या वाऱ्यासारखा. बंद असेल तर सळई मुकी. आणि दुसरी गोष्ट, आधी चढाला, मग उताराला. टाकी शहराच्या एका टोकाला टेकाडावर होती, आणि पार दुसऱ्या टोकाला, समोरच्या चढावर, शेवटची गल्ली. मधल्या खोलगट भागात बाजारपेठ, कचेऱ्या आणि पैसेवाल्यांची वसाहत. खालचे व्हॉल्व्ह आधी उघडले तर वर पाणी चढतच नाही. म्हणून काका पहाटे सगळ्यांत आधी शेवटच्या गल्लीत जायचे, तिथली भांडी भरेपर्यंत थांबायचे आणि मग खाली उतरत एकेक व्हॉल्व्ह उघडत यायचे. वसाहतीतले लोक कुरकुरायचे. त्यांना काका सांगायचे, “तुमच्याकडे पाणी आपल्या पायांनी येतं. वर त्याला हाताला धरून न्यावं लागतं.”

शेवटच्या गल्लीत नळ एकच होता, सगळ्यांचा मिळून, आणि त्याच्या रांगेचा कारभार तंटामावशीकडे होता. ती कोपऱ्यावर इस्त्रीचं टेबल लावायची. ती तंटे करते म्हणून तिला तंटामावशी म्हणतात की मिटवते म्हणून, यावर गल्लीत दोन पक्ष होते. काका आले की तिची सलामी ठरलेली असे.

“आलास का? मला वाटलं, आज पाण्याने तुला सुट्टी दिली.”

“पाच मिनिटं उशीर झाला, मावशी.”

“तुझी पाच मिनिटं माझ्या इस्त्रीवर ठेवून बघ, म्हणजे कळेल किती असतात ती.”

जुना कारभार काही फार सचोटीचा होता असं नाही. बाजारपेठेकडचा चावीवाला हॉटेलांना हळूच जास्त पाणी सोडायचा आणि त्याच्या घरावर बघता बघता दुसरा मजला चढला. पाइप जागोजागी फुटलेले. तक्रार केली तर नगरपालिकेतला कारकून आधी चष्मा पुसायचा, मग तक्रार दुसऱ्या टेबलाची आहे असं सांगायचा. सगळं खरं. पण कितीही भोंगळ असला तरी त्या कारभाराला एक गोष्ट मान्य होती. पाणी सगळ्यांना लागतं, आणि ज्याला परवडत नाही त्यालाही तहान लागते.

मग देशाची तिजोरी रिकामी झाली. बाहेरून कर्ज घ्यायची वेळ आली तेव्हा देणाऱ्यांनी अटी घातल्या. सरकारने धंदे करू नयेत, पाणी, वीज, बस ही कामं खाजगी कंपन्यांना द्यावीत, ज्या वस्तूला जेवढा खर्च येतो तेवढा वापरणाऱ्याकडून घ्यावा. बाजार मोकळा सोडला की तो आपोआप सगळ्यांचं भलं करतो. ज्यांनी हे लिहिलं ते हुशार लोक होते यात शंका नाही. फक्त त्यांच्यापैकी कुणी चढावर हंडा घेऊन चाललेलं नव्हतं.

वर्षभरात टाकी, पाइप, पंप, कचेरी आणि टाकीखालची कामगारांची घरं अशी सगळी मालमत्ता कंपनीकडे गेली. निळे फलक लागले. बिलांवर ‘प्रिय ग्राहक’ असं छापून येऊ लागलं. तंटामावशीने ते शेजारणीकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, “नवऱ्याने जन्मात कधी प्रिय म्हटलं नाही. हे लोक बिलावर म्हणतात, म्हणजे बिल मोठंच असणार.”

बिल मोठंच होतं. सार्वजनिक नळांचं फुकट पाणी बंद केलं, आणि ज्या गल्ल्यांत घरोघरी नळ नव्हते तिथे अख्ख्या गल्लीला मिळून नळावर एक मीटर बसवला. गल्लीने वर्गणी काढून बिल भरायचं. एकाने भरलं आणि दुसऱ्याने नाही भरलं तरी कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नाही. अशा गल्ल्यांचे व्हॉल्व्ह एरवीही जेमतेमच उघडे ठेवलेले असायचे, आणि रक्कम पुरी झाली नाही तर गल्लीचा व्हॉल्व्ह बंद. वसाहतीत मात्र रात्रंदिवस पाणी सुरू झालं. तिथले लोक कंपनीचं कौतुक करायचे, आणि ते खोटं नव्हतं, त्यांच्या नळाला खरंच पाणी होतं. पाणीपुरवठ्याचा तोटा नाहीसा झाला, असं वर्षाअखेर अहवालात आलं. हिशेबाचा साधा नियम आहे, तोटा नाहीसा होत नसतो, तो दुसऱ्या कुणाच्या तरी नावे पडतो. इथे तो बायकांच्या कमरेवर आणि मुलांच्या पोटावर पडला. अहवालात त्याला रकाना नव्हता.

वीटभट्टीकडची वस्ती सगळ्यांत आधी बंद झाली. ते काम काकांच्या वाट्याला आलं नव्हतं. तिथले लोक मग खाणीच्या खड्ड्यातलं पाणी आणू लागले. महिनाभरात दवाखान्याच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही. कंपनीने वस्तीत पत्रकं वाटली: पाणी उकळून प्यावे.

नगरपालिकेची जुनी माणसं कंपनीने वर्षाच्या बोलीवर ठेवली होती. वर्ष संपलं की लायक ठरतील ते कायम, बाकीच्यांनी घरी जायचं. घरी म्हणजे कुठे, हा चावीकाकांचा खरा प्रश्न होता, कारण घरच कंपनीचं होतं. टाकीच्या पायथ्याशी दोन खोल्या. मागच्या भिंतीतून मोठा पाइप गेलेला, त्यामुळे ती भिंत उन्हाळ्यातही गार असायची आणि तिला टेकून बसलं की आत पाणी चालल्याचं पाठीला कळायचं. काकांचा जन्म तिथला, लग्न होऊन बायको तिथेच आली, आणि नवऱ्याने टाकलेली लेक आपलं तान्हं मूल घेऊन परत आली तीही तिथेच. बायको खिडकीशी मशीन लावून कपडे शिवायची. नोकरी गेली की चौघांना त्या दोन खोल्या सोडाव्या लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं.

त्या वर्षात कंपनीने व्हॉल्व्ह बदलले. नवे व्हॉल्व्ह परदेशातून आले होते, आणि त्यांचे आटे उलटे होते. उजवीकडे फिरवलं की उघडतात, डावीकडे फिरवलं की बंद होतात.

“झालं,” मुकादम म्हणाला. तो काकांच्या बरोबरीचा, जुन्या नगरपालिकेतलाच. “आता सदऱ्याची बटणंसुद्धा पाठीला लावायला सांगतील.”

काकांनी सवय करून घेतली. झाकण उचललं की आधी स्वतःशी पुटपुटायचे, ‘उजवं उघड, डावं बंद.’ आणि नंतर कान लावून खात्री करायचे. एकदाही चूक झाली नाही.

वर्ष संपत आलं, कायम करायच्या माणसांची नावं ठरायची होती, आणि त्याच सुमारास एका सकाळी साहेबांनी काकांना बोलावलं. साहेब तरुण होते, शिकलेले, बोलायला मृदू. उठून खुर्ची द्यायचे.

“काका, शेवटच्या गल्लीची थकबाकी वाढलीय. बंद करावी लागेल.”

“साहेब, निम्म्या घरांनी भरलेत.”

“निम्म्या घरांना निम्मं पाणी देता येत नाही ना. मीटर एकच आहे.”

“मग मीटर वेगवेगळे बसवा.”

“त्याचा खर्च कोण देणार?” साहेबांनी खरोखरच विचारलं, त्यात कुचेष्टा नव्हती. “काका, फुकट मिळालं की माणूस किंमत करत नाही.”

“फुकट कुठे होतं, साहेब? त्या बायका पहाटे उठून रांगेत उभ्या राहायच्या.”

साहेबांनी थोडा वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवली. “तुम्हालाच पाठवतोय, कारण तुमच्या अंगावर कुणी धावून येणार नाही. वीटभट्टीला आमच्या माणसाचं डोकं फुटलं होतं.”

काका बाहेर आले तेव्हा त्यांना एक गोष्ट लख्ख कळली होती. कंपनीने टाकी घेतली, पाइप घेतले, घरं घेतली, आणि विक्रीच्या कागदांत कुठेही न लिहिलेली आणखी एक वस्तू घेतली होती: त्यांचं नाव. तीस वर्षं चढ चढून कमावलेलं. त्याचा भाव कुणी ठरवला नव्हता, म्हणून ते फुकटात गेलं.

दुपारी ते गल्लीत गेले. बायका दारात उभ्या होत्या. बातमी आधीच पोहोचली होती. कुणी ओरडलं नाही. तंटामावशी इस्त्री फिरवत राहिली, मान वर केली नाही. एक तरुण बाई मात्र पुढे आली. ती धुणीभांडी करायची आणि वर्गणी वेळेवर द्यायची.

“काका, मी माझे भरलेत. माझं पाणी कुठलं, ते वेगळं काढून द्या आणि बाकीचं बंद करा.”

काका खाली वाकले. त्यांनी झाकण उचललं, चावी खाली सोडली. पाठीवर गल्लीभरचे डोळे होते. लवकर संपवावं आणि इथून जावं, एवढंच मनात होतं. त्या दिवशी ते काही पुटपुटले नाहीत. हात जन्मभर बंद करायला जसे वळत आले होते तसे वळले, उजवीकडे, दांडा अडेपर्यंत. मग झाकण पायाने लोटून बसवलं, चावी खांद्यावर टाकली आणि खाली मान घालून चालू लागले. सळईला कान लावायचाही राहिला. बंद झालेल्या पाण्याचा आवाज त्यांना ऐकायचा नव्हता.

संध्याकाळी ते दारात पाय धूत असताना शेवटच्या गल्लीतली पाच-सहा माणसं आली. पुढे तंटामावशी. एवढा चढउतार करून ती कधी कुठे जात नसे. तिने आल्या आल्या काकांच्या पाठीत एक धपाटा घातला.

“लब्बाड. आमच्याकडे बघेना, बोलेना, मला वाटलं गेला हा माणूस हातचा. आणि नाटक करून पूर्ण उघडून आलास?”

“काय?”

“काय म्हणे. अरे, वर्षात असं पाणी बघितलं नव्हतं आम्ही. बादली ठेवली की भरली. पोरं न्हाली, गोधड्या धुतल्या, त्या वरच्या घरच्या म्हातारीने तर अंगणाला पाणी मारलं. म्हणे, उद्या असेल नसेल.”

“काका, धाडस केलंत,” मागचा एक जण म्हणाला. “कंपनीच्या नाकावर टिच्चून.”

काकांचे ओले पाय तसेच राहिले. काय झालं ते त्यांना एका क्षणात कळलं. तोंड उघडलंही. पण तंटामावशीचे डोळे इतके आनंदी होते की शब्द बाहेर पडेना. “जा आता, अंधार व्हायच्या आत चढ चढा,” एवढंच ते म्हणाले.

माणसं गेल्यावर बायको मशीनवरून उठून आली.

“खरं सांगा. मुद्दाम केलंत?”

“नाही गं. हात चुकला. जुन्या बाजूने वळला.”

“देव पावला,” ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली. थोड्या वेळाने, काकांकडे न बघता म्हणाली, “मघाशी ते लोक बोलत होते ना, तेव्हा मला भीती वाटत होती. आणि बरंही वाटत होतं.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मीटरचे आकडे त्यांच्या यंत्रावर आले होते.

“काका, चूक झाली की मुद्दाम केलं?”

“चूक झाली, साहेब.”

“मला वाटलंच.” साहेबांना खरंच सुटल्यासारखं वाटलं. “नवे आटे. मी तसं कळवतो. पण वर विश्वास बसायला हवा. आज पुन्हा जा आणि नीट बंद करून या. यादी या आठवड्यात जायची आहे, तुम्हाला माहीत आहे.”

मुकादमाला बरोबर दिलं होतं. दोघं चढाला लागले. मध्यावर मुकादम दम घ्यायला थांबला.

“चावी, फार विचार करू नकोस. तू नाही केलंस तर दुसरा करेल.”

“वीटभट्टीला दुसऱ्यानेच केलं होतं.”

“तेच सांगतोय. पाणी बंद व्हायचं थांबलं का?”

“नाही.”

“मग? नातवंडाचा विचार कर. त्या पोराने काय बिल थकवलंय?”

काकांनी चावी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि ते पुढे चालू लागले.

गल्लीत पोहोचले तर तंटामावशी इस्त्रीच्या टेबलामागचा लाकडी स्टूल आणून बरोबर झाकणावर ठेवून बसली होती. भोवती निम्मी गल्ली. काकांना पाहून चार माणसं हसली, एकाने वाट करून दिली. आपला माणूस आला अशी वाट.

“आलास? बस. साहेबाला सांग, झाकणावर म्हातारी बसलीय, उठत नाही. तू काय करणार बिचारा.” तिने आवाज खाली आणला. “तुझ्यावर येऊ नये म्हणून बसलेय.”

मुकादमाने काकांकडे पाहिलं. सुटायची वाट आयती समोर आली होती. परत जाऊन सांगायचं, बाई उठेना. लोकांत नाव राहिलं असतं, आणि साहेबांकडे निदान आजच्यापुरतं निभावलं असतं.  पण काकांनी चावी खांद्यावरून खाली घेतली.

“मावशी, काल मी बंद करायलाच आलो होतो.”

“काय म्हणतोस?”

“बंद करायला आलो होतो. नवा व्हॉल्व्ह उलटा फिरतो, हात जुन्या सवयीने वळला, म्हणून उघडला गेला. मला कळलंसुद्धा नाही. तुम्ही घरी आलात तेव्हा कळलं.”

 गल्लीच्या नळाखाली कुणाची तरी बादली भरत होती, तिचा आवाज तेवढा येत राहिला. वाट करून देणारा माणूस पुन्हा मध्ये येऊन उभा राहिला. तंटामावशीचा चेहरा हळूहळू उतरला, आणि काकांनी तो उतरताना पाहिला.

“हे सांगायची काय गरज होती?” ती म्हणाली. तिचा आवाज चिडलेला नव्हता, दमलेला होता. “एक दिवस वाटलं होतं की कुणीतरी आपलं आहे. तेवढं तरी ठेवायचंस.”

“खोटं होतं ते.”

“असू दे की खोटं. खऱ्याने कुठे तहान भागतेय.” ती उठली. स्टूल उचलून बाजूला ठेवला. “कर बाबा बंद. तुझंही घर आहे.”

झाकण मोकळं झालं होतं. आता कुणी अडवत नव्हतं. कुणी दगड उचलला असता, शिवी दिली असती, तर काकांना काम सोपं गेलं असतं. धुणीभांडी करणारी ती बाई आत जाऊन दोन रिकामी पातेली घेऊन आली आणि मुकाट्याने नळाकडे गेली. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. बंद व्हायच्या आधी होईल तेवढं भरून घ्यावं म्हणून. त्यांनी काकांकडे पाहिलंही नाही. नळ आटला की माणूस नळाला शिव्या देत नाही, तसं.

काकांनी झाकण उचललं, चावी खाली सोडली. खोबण बसली. डावं बंद, हे त्यांना अगदी स्पष्ट आठवत होतं. दांड्यावर हात ठेवून ते उभे राहिले. टाकीखालच्या दोन खोल्या त्यांना दिसत होत्या, गार भिंत, खिडकीतलं मशीन, भिंतीशी निजलेलं मूल. ते सगळं एका बाजूला धरून त्यांनी हात डावीकडे वळवायला घेतला, आणि हात वळला नाही. हाताला काही झालं नव्हतं. काल हाताने त्यांना न विचारता केलं होतं. आज तो विचारत होता.

“कर लवकर,” मुकादम पुटपुटला.

काकांनी चावी बाहेर काढली आणि त्याच्यापुढे धरली. “तू कर.”

“मी?” मुकादम मागे सरकला. “मला नाही जमायचं. मला मारतील. तुला मारत नाहीत म्हणून तर तुला आणलंय.”

“मग चल परत.”

कचेरीत साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग दार लोटून घेतलं आणि खुर्ची काकांच्या जवळ ओढली.

“काका, मला वर कुणीतरी विचारणार आहे. मी लिहितो की व्हॉल्व्ह अडकला होता, फिरला नाही. आठ दिवसांनी दुसरा गट जाईल. तोपर्यंत यादी गेलेली असेल आणि तुमचं नाव त्यात असेल. फक्त मुकादमाने आणि तुम्ही तसंच सांगायचं.”

मुकादमाने जोरजोराने मान हलवली.

काकांना त्या मुलाचा राग आला नाही. तो आपल्याला वाचवत होता, आणि वाचवण्याची त्याच्याकडे तेवढी एकच पद्धत होती. “साहेब, कालची चूक होती. ती चूक म्हणून लिहा,” ते म्हणाले. “आजची चूक नाही. आज मी बंद केला नाही.”

“त्याने काय बदलणार आहे, काका? गल्ली बंद होणारच.”

“माहीत आहे.”

“मग?”

 “व्हॉल्व्ह चांगला आहे, साहेब,” काका म्हणाले. “तो अडकला असं कसं सांगू?”

घरी गेले तेव्हा बायको मशीनवर होती. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. तिने हातातली शिलाई पूर्ण केली, दोरा तोडला.

“मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाहीत ना?”

“हो.”

“बरं केलंत,” ती म्हणाली. पण त्यानंतर चार दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. लेक रात्री रडली, आणि तेही काकांनी ऐकलं. बाहेरून शहाणपण वाटावं असं त्या घरात त्या दिवसांत काही नव्हतं.

यादीत नाव आलं नाही. खोल्या रिकाम्या करायची नोटीस मात्र वेळेवर आली. आणि आठ दिवसांनी साहेब म्हणाले होते तसंच झालं. पोलिसांच्या बंदोबस्तात दुसरा गट आला, त्याने शेवटच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि झाकणावर काँक्रीट ओतलं. पुढे तिथे कचेरीतून बटण दाबून चालणारं यंत्र बसलं. चावीवाल्याची गरजच उरली नाही. मुकादमालाही दुसऱ्या वर्षी घरी बसवलं. तरुण साहेबांची बदली दुसऱ्या देशात झाली, तिथेही पाणीपुरवठा विकायला काढला होता.

भाडं परवडेल अशी खोली शोधत चावीकाका शेवटच्या गल्लीतच येऊन पोहोचले. एकच खोली, इस्त्रीच्या टेबलामागची. मशीन दाराशी ठेवावं लागलं. गल्लीला आता टँकरचं पाणी होतं, तेही विकतचं. टँकर भरायचा कंपनीच्याच टाकीवर, म्हणजे पाणी तेच होतं, फक्त आता ते चाकांवरून चढ चढत होतं आणि प्रत्येक वळणावर महाग होत होतं. बिल भरायला ज्यांच्याकडे पैसे नव्हते ते त्याहून जास्त पैसे टँकरला देत होते, कारण बिल एकदम मागतं आणि टँकर हंड्याहंड्याने.

राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी काका दोन बादल्या घेऊन बाहेर आले. रांग वळणापर्यंत गेली होती. त्यांना पाहून थोडी चुळबुळ झाली. त्या दिवशी वाट अडवून उभा राहिला होता तोच माणूस म्हणाला, “काका, या, पुढे लावा बादल्या.”

“पुढे कशाला?” तंटामावशी टेबलापाशी कोळसे फुंकत होती. “रांग आहे ना.”

“अगं मावशी, काका आहेत.”

“असू देत. मी पण आहे. मागे जा रे.”

काका मागे गेले. शेवटी धुणीभांडी करणारी ती बाई उभी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण पायाने आपला हंडा थोडा पुढे सरकवून त्यांच्या बादल्यांना जागा केली. काकांनी बादल्या ठेवल्या आणि इतरांसारखे ते चढाच्या रस्त्याकडे बघत उभे राहिले. टँकर अजून यायचा होता.